व्याह्यांचा श्वास

थंडी पडली की आमच्या सोसायटीला कविता होतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी 'गुलाबी थंडी' सुरू होते, पाठोपाठ वाफाळत्या चहाचे फोटो, आणि मग खाडीपुलावरच्या धुक्याचे. त्या धुक्यात दव किती आणि धूर किती, असं मी एकदा ग्रुपवर विचारलं होतं. तेव्हापासून माझ्या शुभसकाळला कुणी उत्तर देत नाही.

नेरूळची थंडी ती केवढी! पंखा पाचावरून दोनावर आणावा, एवढीच. पण ज्याची फुफ्फुसं अर्धी कामातून गेलेली आहेत त्याला तिची वर्दी सगळ्यांच्या आधी मिळते. पहाटेची हवा जड होते. खाली वॉचमन पालापाचोळा पेटवून हात शेकत बसतो आणि त्या धुराची एक रेघ सगळी सोसायटी सोडून नेमकी तिसऱ्या मजल्यावर, माझ्या खिडकीशी येते. कपाटातून स्वेटर निघतात, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास असतो, आणि तो वासही छातीत जाऊन बसतो. कुंदा, माझी बायको, खिडक्या लावत घरभर फिरते. काचेपलीकडे खाली चालायला निघालेली माणसं दिसतात. ती चालता चालता बोलतात. बोलता बोलता हसतात. एक बाई तर रोज फोनवर कुणाशी तरी भांडत भांडत चार चकरा मारते. एवढी हवा ही माणसं आणतात कुठून, असं मला वाटतं, आणि मी जळतो. उगाच आडवळणाचे शब्द कशाला वापरू? जळतो.

पण ही जळजळ किरकोळ. भाजीवर कोथिंबीर असावी तशी. माझी खरी, मुरलेली, सांभाळून ठेवलेली असूया एकाच माणसासाठी आहे. ते म्हणजे आमचे व्याही, साळुंखे. माझ्या रूपालीचे सासरे. थंडी परत आली की मला मागचा हिवाळा आठवतो, आणि तो आठवला की साळुंखे आठवतात. नुसते आठवत नाहीत, पोटात दुखायला लागतं.

आता हे नातं काय असतं ते मुलीच्या बापालाच कळेल. मी परब, कोकणातला, उभी नोकरी न्हावाशेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात झाली. ट्रकवाल्यांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांशी वाद घातले आणि बहुतेक जिंकले. पण लग्नाच्या मांडवात गळ्यात हार घालून साळुंख्यांना आलिंगन दिलं, तेव्हापासून माझा आवाज एक पट्टी खाली आला तो आलाच. ते साताऱ्याकडचे. मसाला मार्केटमध्ये माथाडींच्या टोळीचे मुकादम होते. माणूस तसा गुळासारखा. लग्नात मानपानावरून एक शब्द बोलले नाहीत. पण ते बोलले नाहीत म्हणून मी विसरू शकत होतो थोडाच? खुर्ची आधी त्यांना. ताट आधी त्यांना. फोटोत मधली जागा त्यांची. घरी आले की मी उभा, ते 'बसा की पावणं' म्हणणार, मी 'नाही, तुम्ही बसा' म्हणणार. मुलाचा बाप तो मुलाचा बाप.

या नात्यात बरोबरी आणली ती आजारानं.

मी सिगारेटी ओढल्या त्या रूपाली शाळेत जायला लागेपर्यंत. तिनं एकदा माझ्या शर्टाचा वास घेऊन नाक मुरडलं, त्या दिवशी पाकीट कचऱ्यात टाकलं ते कायमचं. साळुंख्यांची बिडी मात्र रिटायर होईस्तोवर चालू होती. त्यात भर मार्केटातल्या मिरचीच्या धुळीची. आणि तरी दोघांना आजार एकच निघाला, जवळजवळ एकाच वर्षी. फुफ्फुसं फुगून सैल पडण्याचा. ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. पहिल्यांदाच आमच्याकडे सारखं काहीतरी होतं. रूपाली सासऱ्यांना घेऊन माहेरी आली की दोघांचे इन्हेलर शेजारी शेजारी टेबलावर असत. बोलायला बसलो की दोघंही दर दोन-तीन शब्दांनी थांबायचो, आणि समोरचा का थांबला हे सांगावं लागायचं नाही. वाक्याच्या मधल्या त्या गप्प जागेत आमची खरी सोयरीक झाली. धडधाकट माणसं ती जागा लगेच आपल्या बोलण्यानं भरून टाकतात. साळुंखे कधी टाकत नसत. ते वाट बघायचे.

डॉक्टरबाईंचा शोध मी लावला. हे ठळक अक्षरांत लिहिलं असतं, पण छापणारे ऐकत नाहीत. आमच्या इथल्या एका हॉस्पिटलात श्वासाच्या यंत्रणेवर अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या आहेत, नुसती औषधं लिहून देत नाहीत, हवा छातीत कशी जाते, किती जोर लागतो, कुठे अडते हे मोजतात, असं मला कळलं. मी रूपालीला सांगितलं. तिनं सासरी सांगितलं. झालं, दुसऱ्या सोमवारी साळुंखे मफलर गुंडाळून हजर.

ती कॉरिडॉरमधली सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. बाकं भरलेली आणि रिकामी खुर्ची एकच.

"बसा," मी म्हटलं.

"न्हाई, तुमी बसा. तुमी लांबनं... चालत आलाय."

"रिक्षानं आलो. तुम्ही... बसा."

"आवं पावणं, आसं... बरं न्हाई दिसत."

"मला कसं... बरं दिसेल?"

दोघांनाही धाप लागली. दोघंही खुर्चीच्या पाठीला धरून उभे, पण बसायला कुणी तयार नाही. शेवटी नर्स आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही दोघं पण आत चला, व्हीलचेअर आणते." तिला काय सांगणार, की बाई, इथे लग्न अजून चालू आहे.

डॉक्टरबाई वयानं रूपालीएवढ्या. त्यांनी कागदावर दोन फुगे काढून आम्हाला समजावलं. "काका, चांगलं फुफ्फुस रबरासारखं असतं. श्वास घेताना ताणतं आणि सोडताना स्वतःहून आखडतं. तुमचं रबर सैल झालंय. हवा आत जाते, पण बाहेर ढकलायला जोरच राहिला नाही. मग जुनी हवा आतच बसून राहते. तुम्हाला वाटतं श्वास घेता येत नाहीये. खरा प्रॉब्लेम सोडता येत नाहीये हा आहे."

"म्हंजी भाडेकरू जागा सोडंना," साळुंखे म्हणाले.

बाई एवढ्या खूश झाल्या की काय सांगू. "एक्झॅक्टली, काका!" मला त्यांनी तोवर एकदाही एक्झॅक्टली म्हटलं नव्हतं. तिथून सुरुवात झाली.

मग तपासण्या. टेलिफोन बूथएवढी एक काचेची खोली होती. तिच्यात बसायचं, नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि बाहेरून बाई सांगतील तसा श्वास टाकायचा. आत बसून तुम्ही हवा हलवली की खोलीतला दाब किंचित बदलतो, आणि त्यावरून छातीत किती हवा अडकून पडली आहे ते कळतं. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडली होती. श्वास ओढायला छातीला किती जोर लावावा लागतो हे ती सांगते. माझ्या आयुष्यात माझ्या श्वासाची एवढी चौकशी कुणी केली नव्हती. आई गेल्यावर तर नाहीच. मला ते दिवस आवडायला लागले होते. काचेतून साळुंखे आत बसलेले दिसत, गाल फुगवून, डोळे मोठे करून. बाहेर आले की त्यांना मी विचारायचो, "काय... आलं?" आणि ते मला विचारायचे. शाळेतली पोरं पेपर झाल्यावर विचारतात तसं. माझा आकडा थोडा चांगला असला की मी त्यांना धीर द्यायचो. धीर देण्यात एक वेगळीच मजा असते.

एके दिवशी बाईंनी झडपेचं सांगितलं. फुफ्फुसाचे कप्पे असतात. जो कप्पा सगळ्यात खराब, सगळ्यात फुगलेला, त्याच्या वाटेत इवलीशी झडप बसवायची. चिरफाड नाही, घशातून दुर्बीण घालून. झडप एकाच बाजूनं उघडते. हवा बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. हळूहळू तो कप्पा मिटतो आणि बाकीच्या चांगल्या फुफ्फुसाला जागा मिळते, खाली दबून सपाट झालेल्या छातीखालच्या पडद्याला पुन्हा वरखाली होता येतं. हे ऐकताना मी मनातल्या मनात तीन मजले उतरून, भाजी घेऊन, पुन्हा चढूनही आलो होतो. वाटेत दुसऱ्या मजल्यावरच्या गायकवाडांशी दोन शब्द बोललोदेखील, न थांबता.

"पण सगळ्यांना नाही चालत," बाई म्हणाल्या. "दोन कप्प्यांमधली भिंत पूर्ण पाहिजे. भिंतीत भोकं असली तर शेजारच्या कप्प्यातून हवा येत राहते. मग झडप लावून उपयोग नाही. एसी लावायचा आणि खिडकी उघडी."

ही भिंत तपासायला एक फुगा असतो. खराब कप्प्याचं तोंड फुग्यानं बंद करतात आणि आतून हवा येत राहते की थांबते ते बघतात. हवा थांबली तर भिंत शाबूत. दोघांचीही तपासणी एकाच दिवशी ठरली. आधी कोण?

"परब काका?" नर्सनं पुकारलं.

आणि मी, ज्यानं या डॉक्टरबाई शोधल्या, ज्यानं बिडी कधी तोंडाला लावली नाही, तो मी काय म्हणालो? "आधी व्याह्यांचं होऊ दे."

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तोंडातून आपोआप निघालं. साळुंखे न्हाई न्हाई म्हणत असतानाच त्यांना स्ट्रेचरवर घेतलं.

निकालाच्या दिवशी बाईंनी दोन आलेख शेजारी ठेवले. साळुंख्यांच्या हवेची रेघ हळूहळू बारीक होत जमिनीला टेकली होती. माझी रेघ चालूच. पानाच्या कडेपर्यंत चालू. "तुमची भिंत अर्धवट आहे, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "जन्मापासूनच. बऱ्याच लोकांची असते. यात तुमचं काही चुकलेलं नाही."

काही चुकलेलं नाही, हेच तर दुखणं. चूक असती तर मी ती मान्य केली असती, पश्चात्ताप केला असता, उपास केले असते. जन्मापासूनच्या भिंतीचं काय करायचं? इतकी वर्षं बिडी ओढून, मिरचीची धूळ खाऊन साळुंख्यांची भिंत शाबूत. आणि माझी, वेळेवर शहाणा झालेल्या माणसाची, गळकी. एका कागदावरच्या रेघेचा हेवा वाटावा, ही वेळ माझ्यावर आली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं मनात आलं. व्याह्यांना कुत्रं म्हणणं बरं नव्हे, म्हणून उघड बोललो नाही. पण मनात म्हटलं. नीट, सावकाश, पूर्ण म्हटलं. मला शास्त्र कळत होतं. मी आधी आत गेलो असतो तरी माझी भिंत काही भरून आली नसती. पण रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच यायचा, की तू त्याला आधी का जाऊ दिलंस.

साळुंख्यांना झडपा बसल्या. मधे दोन दिवस छातीत हवा गळली, नळी घालावी लागली. सगळे सोयरेधायरे हॉस्पिटलात. शहाळी काय, सूप काय, गावाकडून आलेला हुरडा काय. कुंदा रोज डबा घेऊन जायची. एके दिवशी परत आल्यावर म्हणाली, "खूप भोगतायत हो बिचारे."

"आणि मी... इथे काय... नाचतोय?"

तिनं चपला काढल्या, हात धुतले. मग म्हणाली, "डॉक्टरबाई म्हणाल्या ना तुम्हाला, की जुनी हवा सोडत नाही म्हणून नवी आत येत नाही? मला वाटतं ते फक्त फुफ्फुसाबद्दल नसावं."

बायकोनं अशी वाक्यं बोलू नयेत. त्यातून ती बरोबर असताना तर मुळीच नाही. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, आणि माझ्या तब्येतीच्या माणसाला अबोला धरणं सोपं जातं.

डॉक्टरबाईंनी मला सोडलं नाही, हे सांगायला हवं. झडप नाही तर नाही, म्हणाल्या, श्वास कसा चालतो ते कळलं की त्याच्याशी जुळवूनही घेता येतं. ओठांचा चंबू करायचा आणि फुंकर घातल्यासारखी हवा हळूहळू सोडायची. घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ द्यायचा. घाईनं सोडली तर सैल पडलेल्या वाटा मधेच मिटतात आणि हवा अडकते. जिना चढताना पायरीवर पाय टाकायचा तो श्वास सोडताना. पायांचे व्यायाम, दंडांचे व्यायाम. मी ते करतो. रोज करतो. मागच्या वर्षी आंघोळीनंतर पलंगावर पडून राहावं लागायचं, आता लागत नाही. ही काही थोडी गोष्ट नाही, असं सगळे मला सांगतात. मीही सांगतो. पण साळुंखे आता घणसोलीहून सकाळी फिरायला निघतात ते पार रबाळे स्टेशनपर्यंत जाऊन येतात, हे रूपालीनं फोनवर कौतुकानं सांगितलं, तेव्हा माझी ती थोडी गोष्ट आणखीच थोडी झाली.

आणि एक सांगतो, जे कुंदालाही सांगितलेलं नाही. मला त्यांच्या चालण्यापेक्षा त्यांच्या बोलण्याचा जास्त त्रास झाला. दिवाळीत घरी आले होते. गावच्या यात्रेची गोष्ट सांगायला लागले ती सलग. एका दमात, कुठेही न थांबता, मधे हसतसुद्धा. मी नेहमीच्या सवयीनं त्यांच्या थांबायच्या जागांवर थांबत होतो, आणि ते पुढे निघून गेलेले असायचे. मी काहीतरी बोलायला लागलो, मधे अडकलो, तर त्यांनी पटकन माझं वाक्य पुरं केलं. वाक्य बरोबर पुरं केलं. पण पूर्वी ते वाट बघायचे.

मला माझी धाप नकोशी आहे, हे तर खरंच. पण ती धाप दोघांची होती तेव्हा एवढी एकटी नव्हती.

परवाची गोष्ट. संक्रांत जवळ आलेली. दुपारी खाली ओळखीचा आवाज ऐकू आला. साळुंखे वॉचमनशी बोलत होते, खणखणीत. नातवाचं बोरन्हाण आहे, त्याचं आवतण घेऊन आले असणार. मुलाचा बाप असून स्वतः जिना चढून आवतण द्यायला येणं हा त्यांचा मोठेपणा, हे मला कळत होतं. पण मी दारामागे जाऊन उभा राहिलो तो वेगळ्याच कारणासाठी. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर मीटरची पेटी आहे, तिथे मी थांबतो. दुसऱ्यावर गायकवाडांचं चपलांचं कपाट, तिथे जास्त वेळ थांबतो. मला ऐकायचं होतं ते कुठे थांबतात. त्या दिवशी हवाही वाईट होती. थांबतीलच कुठेतरी. एकदा तरी. मी देवाला हात जोडले नाहीत एवढंच.

पावलं मीटरच्या पेटीशी आली आणि पुढे गेली. गायकवाडांच्या कपाटाशी आली, पुढे गेली. वहाणांचा आवाज एकसारखा, उलट शेवटच्या जिन्याला थोडा चढताच. पावलं दारापाशी आली आणि थांबली.

बेल वाजली नाही.

मी श्वास धरून उभा. पलीकडेही काही आवाज नाही. आणि मग दाराबाहेर धाप सुरू झाली.

धाप मला कळते. खऱ्या धापेत सोडायचा श्वास लांब असतो, ओढत ओढत येतो, त्याला शेवटी बारीक शीळ असते. ही तशी नव्हती. ही भराभर आत, भराभर बाहेर, लहान मूल आगगाडी आगगाडी खेळतं तशी. नवा माणूस करेल तशी. मग बेल वाजली.

दार उघडलं. साळुंखे चौकटीला हात टेकवून, खांदे वर काढून उभे होते. "लय दम... लागतो बगा पावणं... तुमच्या जिन्याला."

"या. बसा. घाई... करू नका," मी म्हटलं. "ओठांचा... चंबू करा. हळू... सोडा."

त्यांनी शहाण्या मुलासारखा ओठांचा चंबू केला. कुंदानं पाणी आणलं, त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आत गेली. साळुंखे आवतण द्यायला लागले. "रूपालीनं सांगि... तलंय, की आईबाबांना घे... ऊन या, लवकर." माणूस शब्दाच्या मधे थांबत होता. खरा दमेकरी शब्दाच्या मधे कधी तुटत नाही. तो आधीच श्वासाचा हिशेब मांडून तेवढेच शब्द उचलतो. एका वर्षात ते हे विसरून गेले होते. इतकं साधं, इतकं हाडात बसलेलं, आणि विसरले. मला एवढा हेवा त्यांच्या झडपांचाही वाटला नव्हता, एवढा त्या विसरण्याचा वाटला. आणि त्यातही कहर म्हणजे, दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून खोटी धाप टाकायची, तर त्यासाठी छातीत केवढी हवा शिल्लक असावी लागते!

दारामागे श्वास धरून उभं राहिल्यानं मला खरीच धाप लागली होती. मी त्यांच्यासमोर बसलो. ते थांबले, माझा श्वास परत येईपर्यंत वाट बघत राहिले, आणि मी त्यांची खोटी धाप ओसरेपर्यंत त्यांच्याबरोबर माझी खरी धाप टाकत बसलो.